मोडीतून मूर्तीकडे



वसंतातल्या ज्ञानसत्रात इतिहासावर बोलावयाचे, तर एखादी लढाई, एखादा तह किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र निवडावे अशी रीत आहे. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून ही रीत बहुतेक तशीच चालत आली आहे. आम्ही आज ती थोडी बाजूस ठेवणार आहोत. आमचा आजचा विषय आहे भंगार. भंगारातून, पडलेल्या वस्तूंतून, टाकून दिलेल्या जिनसांतून जी कला ह्या शंभरसव्वाशे वर्षांत उभी राहिली, तिचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असा विचार आहे. विषय ऐकून काही मंडळींच्या ओठांवर हसू आले असेल. ते येणे स्वाभाविक आहे, आणि त्या हसण्यात एक खरा प्रश्नही दडलेला आहे. त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न आम्ही शेवटी करू.

निमित्त मुंबईतल्या एका प्रदर्शनाचे आहे. आदी दाविअरवाला आणि पिलू पोचखानावाला हे मुंबईचे दोन शिल्पकार. पहिल्याचा जन्म १९२२ चा, दुसरीचा १९२३ चा. दोघांच्या जन्मशताब्दीच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या वास्तूत जहांगीर निकल्सन कला प्रतिष्ठानाने ह्या दोघांची शिल्पे एकत्र मांडली. असल्या प्रदर्शनाहून घरी आलेल्या माणसाला घरची मंडळी विचारतात, “काय पाहिलेस?” तो सांगतो, “लोखंडाचे तुकडे, यंत्राचे भाग, जोडलेले पत्रे.” मग पुढचा प्रश्न ठरलेला : “हे तर आपल्या कळंबोलीलाही दिसते. त्यात कलावंताने काय केले?” हाच तो खरा प्रश्न. लोखंडाच्या बाजारासाठी वसविलेली कळंबोली ज्यांच्या दाराशी आहे, त्या नव्या मुंबईकरांना तो विचारण्याचा अधिकार इतरांहून काकणभर अधिकच आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. ही मोडी लिपी नव्हे. तांबट आळीत किंवा सराफाकडे जुने भांडे, जुना दागिना नेला म्हणजे त्याला ‘मोड’ म्हणत. तांबट ते भांडे ठोकून पाही, तागडीत टाकी, आणि नव्या भांड्याच्या किमतीतून मोडीची वजावट करी. आजीच्या हातचा तांब्या असो की पणजीचा हंडा, मोडीच्या तागडीत त्याचे फक्त वजन उरे. आकार गेला, नाव गेले, आठवण गेली. बोहारणीचेही तेच. ती दारात बसून जुन्या लुगड्यांचा पोत बोटांनी पाही आणि त्यांच्या बदल्यात भांडे देई. लुगडे कोणत्या लग्नातले, हा प्रश्न त्या व्यवहारात येत नसे. म्हणजे आपल्या समाजात वस्तू वाया घालविण्याची चाल कधीच नव्हती. तथापि वस्तूचे आयुष्य संपले की तिचे रूपही संपले, असे आपण धरून चाललो होतो. ज्या कलेविषयी आज बोलावयाचे आहे, तिने नेमकी हीच समजूत उलटी केली. रूप मोडले तरी त्याची ओळख पुसू नये, मोडलेल्या रूपातच काही पाहण्याजोगे असते, असे ती सांगू लागली.

तर मग सापडलेल्या वस्तूला मान देणे आपल्याला अगदीच परके आहे काय? तसेही नाही. नर्मदेच्या पात्रात पाण्याने घासून गुळगुळीत झालेला दगड आपण बाण म्हणून पूजेत ठेवतो. गंडकीतला शाळिग्राम कोणा मूर्तिकाराने घडविलेला नसतो. गावोगावच्या कितीएक देवी तांदळ्याच्या रूपात, म्हणजे न घडविलेल्या शिळेच्या रूपात, शेंदूर लेवून बसल्या आहेत. कोकणात ‘स्वयंभू’ ह्या शब्दाला जेवढा मान आहे तेवढा उत्तम कोरलेल्या मूर्तीलाही नसतो. दगड तोच. नदीत होता तेव्हा धोंडा, देव्हाऱ्यात आला तेव्हा देव. हाताने काही न घडविता केवळ निवडीने आणि स्थापनेने वस्तूचे मोल बदलते, ही गोष्ट आमच्या आजीला ठाऊक होती. पॅरिसच्या कलावंतांना ती फार उशिरा कळली, असे कोणी म्हणाले तर आम्ही त्याच्याशी भांडणार नाही.

परंतु येथे घाई करून चालणार नाही. आपल्याकडे कोणत्याही गोष्टीचे मूळ वेदात शोधण्याची एक हौस आहे, आणि ती इतिहासाला मारक आहे. बाण आणि तांदळा ह्यांत आणि आजच्या कलेत एक मोठे अंतर आहे. आपल्या परंपरेने न घडविलेली वस्तू स्वीकारली, पण मोडलेली वस्तू कधीच स्वीकारली नाही. मूर्ती खंडित झाली की तिची पूजा थांबते, तिचे विसर्जन होते. भंगलेल्याला आपण पाण्यात सोडतो. आधुनिक कलावंत ते पाण्यातून बाहेर काढू पाहतो. हा भेद मनात ठेवला म्हणजे पुढचा इतिहास नीट समजेल.

आणखी एक उदाहरण ह्याच मुलखातले आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेत पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या कितीएक घंटा मराठ्यांच्या हाती आल्या. ओतीव धातूच्या अशा घंटा म्हणजे त्या काळी तोफांसाठी उत्तम मोड. तरी साऱ्याच वितळविल्या गेल्या नाहीत. नाशिकास नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीस, भीमाशंकरास अशा घंटा आजही टांगलेल्या आहेत. वस्तू तीच, नाद तोच. एका ठिकाणी ती प्रार्थनेला बोलावीत होती, दुसऱ्या ठिकाणी ती विजयाची खूण झाली आणि पुन्हा प्रार्थनेलाच बोलावू लागली. तिच्यावरची परकी अक्षरे कोणी घासून काढली नाहीत, म्हणूनच आज ती इतिहासाचा पुरावा म्हणून आपल्याशी बोलते. वितळविली असती तर वजन उरले असते, इतिहास उरला नसता. आमच्या विषयाचे सारे मर्म ह्या घंटेत आहे.

आता युरोपाकडे वळू. १९१२ साली पिकासोने एका चित्रात वेताच्या विणीचा ठसा असलेले मेणकापड चिकटविले आणि त्या चित्राला चौकट म्हणून दोरखंड गुंडाळला. चित्रात वस्तूचे चित्र असते, वस्तू नसते, हा शेकडो वर्षांचा नियम तेथे मोडला. पुढल्याच वर्षी मार्सेल दुशाँ ह्या फ्रेंच कलावंताने स्वयंपाकघरातल्या एका स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले. १९१७ साली तर त्याने कमालच केली. न्यूयॉर्कमध्ये एका नव्या कलासंस्थेचे प्रदर्शन भरावयाचे होते. सहा डॉलर शुल्क भरील त्याची कृती मांडली जाईल, परीक्षक कोणी नाही, असा नियम होता. दुशाँने दुकानातून आणलेले एक चिनी मातीचे मुतारीचे भांडे आडवे ठेवले, त्यावर ‘आर. मट्’ अशी खोटी सही केली, त्याला ‘कारंजे’ असे नाव दिले आणि ते प्रदर्शनास पाठविले. संस्थेने ते मांडले नाही. स्वतः दुशाँ त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर होता. त्याने राजीनामा दिला. मूळ भांडे पुढे हरवले. त्याचे एक छायाचित्र तेवढे राहिले, आणि त्या छायाचित्रावर आजतागायत वाद चालू आहे.

हा नुसता थिल्लरपणा होता काय? काही अंशी होता, आणि दुशाँ ते नाकारीतही नसे. परंतु त्या थट्टेच्या पोटी एक विचार होता. ज्या काळात कारखान्यातून एकासारख्या एक लाखो वस्तू बाहेर पडतात, त्या काळात कलावंताचे काम घडविण्याचे की निवडण्याचे, असा प्रश्न त्याने समाजापुढे टाकला. प्रश्न टाकण्याची रीत असभ्य होती, प्रश्न असभ्य नव्हता.

जर्मनीत हाच प्रश्न वेगळ्या दुःखातून आला. पहिले महायुद्ध संपले तेव्हा तो देश हरलेला, उपाशी आणि मोडून पडलेला होता. हॅनोव्हर शहरातल्या कुर्ट श्विटर्स ह्याने रस्त्यात पडलेली ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाच्या ढलप्या, तारा, बटणे गोळा करून त्यांची चित्रे जुळविण्यास १९१९ च्या सुमारास आरंभ केला. एका बँकेच्या जाहिरातीत ‘कॉमेर्त्स’ म्हणजे व्यापार असा शब्द होता. तो कापला गेला आणि त्यातून ‘मेर्त्स’ एवढाच तुकडा उरला. ह्या निरर्थक तुकड्याचे नाव त्याने आपल्या साऱ्या कलेला दिले. सारेच मोडले आहे, तेव्हा नवे काही करावयाचे तर तुकड्यांतूनच करावे लागेल, ही त्याची धारणा होती. आपल्या राहत्या घराच्या आत त्याने वर्षानुवर्षे अशा वस्तूंची एक गुहाच रचली. नाझी राजवटीत त्याला देश सोडावा लागला, आणि १९४३ च्या बाँबवर्षावात ते घर नष्ट झाले. तुकड्यांतून जमविलेल्या कलेचे पुन्हा तुकडे झाले.

तिसरा प्रवाह लोहाराच्या भट्टीतून निघतो. बार्सेलोनाचा हूलिओ गोन्सालेस हा धातुकाम करणाऱ्या घराण्यातला. १९१८ साली तो पॅरिसजवळ रेनोच्या मोटार कारखान्यात कामाला होता. तेथे तो ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन ह्यांच्या ज्योतीने लोखंड सांधावयास शिकला. दहा वर्षांनी पिकासोला लोखंडाची शिल्पे करावीशी वाटली, तेव्हा त्याने ह्याच गोन्सालेसची मदत घेतली. ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही. ओतीव शिल्प करावयाचे तर मेणाचा नमुना, साचा, भट्टी, ओतारी आणि मुख्य म्हणजे पैसा लागतो. सांधकामाची ज्योत तीन हजार अंशांच्या वर तापते आणि एका माणसाच्या हातात मावते. तिने शिल्पकाराला ओतशाळेच्या दारातून सोडविले. आता तो एकटा, आपल्या खोलीत, चार आण्यांच्या मोडीतून मोठे शिल्प उभे करू शकत होता. अमेरिकेचा डेव्हिड स्मिथ १९६२ साली इटलीत गेला असता व्होल्त्री गावच्या एका बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात त्याने तेथल्याच टाकलेल्या हत्यारांतून आणि पत्र्यांतून तीस दिवसांत सत्तावीस शिल्पे केली. कारखाना बंद होता, पण त्यातले लोखंड अजून काही बोलावयाचे राहिले होते.

पिकासोचे एक शिल्प मात्र सांगितल्याविना पुढे जाता येत नाही. १९४२ साली पॅरिस जर्मनांच्या ताब्यात असताना त्याने सायकलची एक जुनी बैठक आणि एक हँडल एवढ्या दोनच वस्तू जोडल्या. बैठकीचे झाले तोंड, हँडलची झाली शिंगे, आणि समोर बैलाचे मस्तक उभे राहिले. उद्या कोणाला हे मस्तक सापडावे आणि त्याने त्याची पुन्हा सायकल करावी, असे झाले तर आपल्याला आनंदच वाटेल, अशा आशयाचे तो बोलत असे. ह्या उद्गारात त्या कलेची कसोटी आहे. पाहणाऱ्याला बैलही दिसला पाहिजे आणि सायकलही दिसली पाहिजे. एकच दिसले तर गंमत संपली.

आता मुंबईस परत येऊ. आपल्याकडे आधुनिक शिल्पाची वाट गणपतराव म्हात्रे ह्यांच्या ‘मंदिरपथगामिनी’ने १८९६ च्या सुमारास उजळली. त्या काळी शिल्पाच्या द्रव्यांतही जातिभेद होता. संगमरवर आणि ब्राँझ ही उच्च, प्लॅस्टर हे मधले, बाकीचे सारे हीन. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या सासवण्याचे विनायकराव करमरकर ह्यांनी ह्या भेदाला पहिला धक्का दिला. पुण्याच्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे हे शिल्पकार. १९२८ साली उभारलेला तो ब्राँझचा पुतळा माझगावच्या गोदीत ओतला गेला. परंतु त्याच करमरकरांनी गवंड्याच्या सिमेंटलाही शिल्पाचा मान दिला. सासवण्यास त्यांच्या घरी गेलात तर सिमेंटची म्हैस पाहा. जवळ जाऊन हात लावीपर्यंत ती हलेल असे वाटते. इमारतीचे द्रव्य शिल्पात आले, म्हणजे अर्धी वाट झाली होती. उरलेली अर्धी मोडीच्या बाजारातून जात होती.

मुंबईच्या फोर्टात न्यू इंडिया ॲश्युरन्सच्या इमारतीवर कामकरी माणसांच्या भव्य उठावाच्या आकृती आहेत. त्या घडविणारे ना. ग. पानसरे ह्यांच्याकडे पन्नाशीच्या आगेमागे दोन पारशी तरुण शिकावयास गेले, आणि ते दोघेही शिल्पकलेच्या शाळेतून आलेले नव्हते. आदी दाविअरवाला हे औषधनिर्मितीचे रसायनशास्त्र शिकलेले. पिलू पोचखानावाला ह्या वाणिज्य शाखेच्या पदवीधर आणि जाहिरातीच्या व्यवसायात काम करणाऱ्या. १९५१ साली त्या युरोपला गेल्या, तेथे त्यांनी आधुनिक शिल्पे पाहिली आणि परत आल्या त्या शिल्पकार व्हावयाचे ठरवूनच. कलाशाळेच्या चाकोरीतून न आल्यामुळे ‘हे द्रव्य शिल्पाला चालत नाही’ हे त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. कधी कधी न शिकणे हेही एक शिक्षण असते.

त्या काळची मुंबई डोळ्यांपुढे आणा. गिरण्या चालू आहेत. परळला रेल्वेच्या कर्मशाळा आहेत. दारूखान्यात जुनी जहाजे फोडली जात आहेत. कुर्ल्याच्या बाजारात यंत्रांच्या सुट्या भागांचे डोंगर आहेत. कारखान्यांची ही नगरी दिवसभर लोखंड खात होती आणि संध्याकाळी लोखंड टाकीत होती. चित्रकारांसाठी १९५२ साली जहांगीर कलादालन उघडले होते, पण शिल्पकाराला संगमरवर परवडत नव्हता आणि ओतशाळेचे दर परवडत नव्हते. अशा वेळी ह्या दोघांनी भोवतालच्या नगरीकडे पाहिले. दाविअरवाला आधी लाकडात आणि दगडात काम करीत. मग ते धातूच्या सांधकामाकडे आले, आणि पुढे ॲक्रिलिक आणि लोहचुंबकापर्यंत गेले. रसायनाच्या माणसाची शोधक बुद्धी त्यांत दिसते. द्रव्य काय करू शकते हे ते प्रयोग करून पाहत. पोचखानावाला ह्यांनी लाकूड, शिसे, सिमेंट, ॲल्युमिनियम हाताळले आणि मोडीतल्या धातूलाही आपले द्रव्य केले. त्यांच्या शिल्पात यंत्राचा भाग आपला पूर्वीचा धंदा बहुतेक विसरतो. दातेरी चाक हे चाक म्हणून उरत नाही. वर झेपावणाऱ्या, वाढणाऱ्या, फुटणाऱ्या एखाद्या आकाराचा ते अवयव होते.

येथे आपल्या हाती एक उपयोगी भेद लागतो. सापडलेल्या वस्तूशी कलावंत तीन रीतींनी वागतो. दुशाँ वस्तूला हातच लावीत नाही, फक्त तिची जागा बदलतो. पिकासो दोन वस्तू अशा जोडतो की जुने रूप आणि नवे रूप दोन्ही एकाच वेळी दिसतात. पोचखानावाला वस्तूला नव्या आकारात विरघळवून टाकतात, जुन्या रूपाचा नुसता वास उरतो. पहिल्यात निवड मुख्य, दुसऱ्यात जोड मुख्य, तिसऱ्यात रचना मुख्य. कळंबोलीच्या ढिगात ह्यांतले काहीच नसते. तेथे वजन असते, आणि व्यापाराला तेवढे पुरते. “त्यात कलावंताने काय केले?” ह्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हे आहे.

पोचखानावाला ह्यांनी स्वतःच्या शिल्पांपुरते पाहिले नाही. साठीच्या दशकात मुंबईत कलामहोत्सव भरविण्यात त्या पुढे होत्या. सर कावसजी जहांगीर सभागृहात राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालय व्हावे म्हणून त्यांनी आणि केकू गांधी ह्यांनी खटपट केली. ते १९९६ साली उघडले. दाविअरवाला १९७५ साली गेले होते, पोचखानावाला १९८६ साली. हाजी अलीच्या चौकात पोचखानावालांचे ‘स्पार्क’ नावाचे मोठे धातुशिल्प उभे होते. रोज हजारो माणसे त्यावरून नजर फिरवीत पुढे जात. पुढे ते तेथून काढण्यात आले. मोडीला मूर्तीचे रूप देण्यात एका बाईचे आयुष्य गेले, आणि तिच्या मूर्तीला मात्र नगराने आपल्या चौकात जागा ठेवली नाही. ह्या गोष्टीचा विचार प्रत्येक नगराने करावा, आणि नव्या नगराने आधी करावा.

आता आम्ही आपल्याला मुंबईहून दूर चंदीगडास नेतो, कारण नव्या मुंबईकरांना त्या गोष्टीत आपले मुख दिसेल. फाळणीत घरदार सोडून आलेले नेकचंद हे चंदीगडच्या बांधकाम खात्यात रस्त्यांचे निरीक्षक होते. ल कॉर्ब्युझिए ह्याच्या आराखड्याप्रमाणे नवे नगर उठत होते, आणि त्यासाठी वीसेक खेडी उठविली गेली होती. त्या खेड्यांतल्या घरांचा राडारोडा, फुटके माठ, बांगड्यांच्या काचा, सायकलींचे सांगाडे हे सारे ढीग होऊन पडले होते. नेकचंद दिवसा सरकारी चाकरी करीत आणि रात्री सायकलवरून हा माल सुखना तलावाजवळच्या रानात नेत. १९५७ च्या सुमारास त्यांनी आरंभ केला आणि पुढे कितीतरी वर्षे कोणाला पत्ता लागू दिला नाही, कारण ती जागा सरकारी होती आणि तेथे काहीही बांधण्यास मनाई होती. माणसे, पशू, पक्षी ह्यांच्या शेकडो आकृती तेथे उभ्या राहिल्या. दुशाँने जे भांडे एकदाच आडवे ठेवले, तसली फुटकी चिनी मातीची भांडी नेकचंदांनी भिंतीच्या भिंती मढविण्यास वापरली, आणि तीही कोणाला न चिडविता. सत्तरीच्या दशकात सरकारला ह्या बागेचा शोध लागला. नियमाप्रमाणे ती पाडावयाची. पण लोकमत आड आले, आणि १९७६ साली ती लोकांसाठी उघडण्यात आली. नेकचंदांना पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले. १९८४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९९० साली रस्त्यासाठी बागेचा भाग तोडण्यास यंत्रे आली, तेव्हा नागरिक साखळी करून त्यांच्यापुढे उभे राहिले. २०१५ साली नेकचंद वारले. बाग उभी आहे.

आता आपल्याकडे पाहा. १९६५ साली चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता ह्यांनी ‘मार्ग’ नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या नगराची कल्पना मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. त्या नगरासाठी ९५ गावांची जमीन घेण्यात आली. भातखाचरे, मिठागरे, गुरचरणे ह्यांच्यावर आपली क्षेत्रे उठली. मोबदल्यासाठी १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले. जासईच्या परिसरात गोळीबार झाला, पाच माणसे हुतात्मा झाली, आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे तत्त्व मान्य झाले. हा इतिहास आपल्यापैकी कितीएकांच्या घरातला आहे. त्याच नगरात बेलापूरला कोरियांनी कलावंतांसाठी म्हणून ‘आर्टिस्ट व्हिलेज’ नावाची वसाहत रचली. सुमारे ५५० कुटुंबांची ती वसाहत घरधन्याला आपले घर वाढविता यावे अशा बेताने केलेली होती, आणि लोकांनी तसे ते भरपूर वाढविलेही. म्हणजे आपल्याकडे नगर आले, कलावंतांचे गाव आले, लोखंडाचा बाजारही आला. चंदीगडाला मिळाला तो नेकचंद तेवढा राहिला.

गावठाणांतली जुनी घरे पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उठत आहेत. हे थांबवा असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला पाऊस गळणाऱ्या कौलांखाली राहावे लागते त्याला जुन्या वाशाचे सौंदर्य सांगणे हा उद्धटपणा आहे. परंतु घर पडते तेव्हा त्यातले जाते, पाटा, मिठागरावरचे फावडे, होडीचे वल्हे, दाराची कडी हे सारे मोडीच्या तागडीत जाते, आणि त्याबरोबर ह्या भूमीवर आधी कोण राहत होते ह्याचा हाती धरण्याजोगा पुरावाही जातो. पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर हे काही मोठे धनिक नव्हते. दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे ह्यांसाठी ते गावोगाव फिरले आणि लोकांनी माळ्यावर टाकलेल्या वस्तूंतून त्यांनी दिवंगत मुलाच्या नावाने राजा केळकर संग्रहालय उभे केले. एका माणसाला जे जमले ते ९५ गावांना मिळून जमू नये काय?

आता दुसऱ्या बाजूचेही बोलले पाहिजे. अलीकडच्या काळात ही कला प्रतिष्ठित झाली आहे. नव्वदीच्या अखेरीस शर्मिला सामंत ह्यांनी थंड पेयाच्या बाटल्यांची बुचे ओवून साडी केली. ‘हातमागाची साडी’ म्हणून आपण जिचा अभिमान बाळगतो ती परदेशी बुचांची झालेली पाहताना हसूही येते आणि टोचतेही. विवान सुंदरम् ह्यांनी २००८ च्या सुमारास कचऱ्याचेच एक नगर रचून त्याची छायाचित्रे मांडली. ही चौथी रीत म्हणता येईल. येथे वस्तूच्या आकाराहून ती कोणी टाकली आणि कोणी उचलली हा हिशेब मुख्य आहे. ह्या कृती चांगल्या आहेत. परंतु असल्या कलेला बाजारात भाव येऊ लागला की कोणीही चार डबे दोरीने बांधून त्याला गहन नाव द्यावे, असेही होते, आणि होत आहे. दुशाँची थट्टा एकदा केली तेव्हा विचार होता. हजारदा केली की ती सवय होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहते. कचऱ्यातून निवडण्याचे काम दिवसभर जी माणसे करतात, ती ह्या दालनांत क्वचितच दिसतात. पुण्यात १९९३ साली अशा कष्टकऱ्यांनी आपली संघटना उभारली आणि तिला नाव दिले ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’. हे नाव ऐका. श्विटर्सच्या चित्रात जी द्रव्ये असत त्यांचीच ती यादी आहे. ही माणसे वस्तू हाताळूनच सांगतात की कोणते प्लॅस्टिक कोणते, कोणता पत्रा कोणत्या भावाचा. निवडीचा डोळा हाच जर ह्या कलेचा पाया असेल, तर तो डोळा त्यांच्याजवळ पहिल्यापासून आहे. फरक इतकाच की कलावंताच्या निवडीला आपण दालन देतो, आणि त्यांच्या निवडीकडे पाहताना नाकाला रुमाल लावतो. कलेने आपल्याला काही शिकविले असेल तर तो रुमाल थोडा खाली यावयास हवा.

आरंभी जे विचारले त्याचे उत्तर आता देतो. कलावंताने काय केले हे ओळखण्यास तीन प्रश्न पुरतात. हीच वस्तू का निवडली? ती येथे आल्याने आणि अशी जोडल्याने पूर्वी न दिसणारे काही दिसू लागले काय? आणि तिचा पूर्वेतिहास कलावंताने मानाने वागविला काय? तीनही प्रश्नांना होकार मिळाला तर समोरची वस्तू कोठून आणली ह्याची चिंता करू नये. ती संगमरवराची नसली तरी शिल्प आहे. एकाही प्रश्नाला होकार मिळाला नाही, तर दालन कितीही वातानुकूलित असो, ती मोडच आहे, आणि तसे निर्भयपणे म्हणावे. न समजलेल्या गोष्टीला भीतीने मान देणे हे प्रेक्षकाचे काम नव्हे.

शेवटी चालकांना एक विनंती. व्याख्यानाचा हा सभामंडप सुटल्यावर प्रत्येक श्रोत्याने आपल्या घरातली किंवा आपल्या गावठाणातली एक तरी वस्तू मोडीत जाण्यापूर्वी हाती घ्यावी. ती कोणाची, कोठली, कशाला वापरीत, हे कागदावर लिहावे आणि तिचे छायाचित्र काढावे. पुढल्या वसंतात ह्याच मंडपाच्या एका कोपऱ्यात त्या वस्तू मांडाव्यात. त्याला कलाप्रदर्शन म्हणावे की संग्रहालय, ह्याचा निर्णय पुढे करता येईल. वसईची घंटा ज्यांनी वितळू दिली नाही त्यांनीही तो निर्णय आधी केलेला नव्हता. त्यांनी ती टांगली, आणि ती अजून वाजते आहे.